ब्लॉकेज नाही

आपल्याकडे हृदयरोग टक्क्यांत मोजतात. कुणाला अ‍ॅडमिट केल्याचं कळलं की पहिला प्रश्न "कुठे?" आणि दुसरा "किती टक्के?" ब्लॉकेज किती, कुठल्या नळीत, फुगा केला की बायपास, स्प्रिंग इकडची टाकली की परदेशी, हे सगळं आता पारावर बसणाऱ्यालाही तोंडपाठ असतं. एवढी माहिती आपल्याला किडनीची नसते, थायरॉइडची नसते. ज्या आजाराला सुरुवात, ऑपरेशन आणि डिस्चार्ज असतो तो सांगायला सोपा आणि ऐकायलाही सोपा.

माझ्या नळ्यांत एकही ब्लॉकेज नाही. अँजिओग्राफीच्या रिपोर्टवर तसं स्पष्ट लिहून आलं, तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि नणंद फोनवर म्हणाली, "सुटलो गं बाई." सासूबाईंनी तर शेजारी पेढे वाटायचं ठरवलं होतं. मी पलंगावर पडून होते, मांडीला पट्टी, पाय हलवायचा नाही अशी ताकीद. (अँजिओ हल्ली मनगटातून करतात, पण माझ्या हाताच्या रक्तवाहिन्या जराशा निमित्ताने आकसतात, म्हणून डॉक्टर म्हणाले, मांडीतून करू.) हार्टचे डॉक्टर राउंडला आले, फाइल चाळली आणि म्हणाले, "ताई, मोठ्या नळ्या उत्तम आहेत. आता प्रश्न असा आहे की मग हे ठोके का हुकताहेत."

पेढे आलेच नाहीत असं नाही. आले, वाटले गेले. मी अर्धा खाल्ला. माझं तोंड पुरतं उघडत नाही, त्यामुळे अख्खा पेढा एका घासात जात नाही.

ते तोंडाचं आधी सांगायला हवं, कारण लोकांना माझा आजार तिथूनच कळतो. मला स्क्लेरोडर्मा आहे, डॉक्टरी कागदावर सिस्टेमिक स्क्लेरोसिस. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराशी भांडण काढते, आणि त्या भांडणात कोलॅजेन नावाचं प्रथिन नको तिथे, नको तितकं साठत जातं. कातडी कडक होते, खालच्या मांसाला चिकटल्यासारखी होते. पाणीपुरी गेली ती तेव्हाच. वडापाव आता सुरीने कापून. कासाराकडे बांगड्या भरायला बसले तर त्या बिचाऱ्याने अंगठा तळहाताकडे दाबून पाहिला, तेल लावलं, साबण लावला. हात दुमडायलाच तयार नाही. आता पेचाच्या दोन पाटल्या आहेत, त्या चालतात. बँकेत अंगठा लागत नाही, आधारचं यंत्र मला ओळखत नाही, रेशन दुकानदार तर मी भुताटकी असल्यासारखा बघतो. मी स्वतः एका पतसंस्थेत कॅशला होते, त्यामुळे ठसा न उमटणाऱ्या गिऱ्हाइकाचं काय करायचं असतं ते सगळं मला माहीत आहे, म्हणजे काहीच करता येत नाही हे माहीत आहे.

तर हे सगळं दिसतं. लोक बघतात, हळहळतात, खोबरेल तेल सुचवतात. डॉक्टरही आधी कातडीच बघतात आणि ती मोजायची एक रीतसर पद्धत आहे. अंगावरच्या सतरा जागी चिमटा घेऊन बघायचं, चिमटीत किती येते. चेहरा, छाती, पोट, मग दोन्ही बाजूंचे दंड, हात, पंजे, बोटं, मांड्या, पोटऱ्या, पावलं. प्रत्येक जागेला शून्य ते तीन गुण. सगळं दगड झालं तर एक्कावन्न. शाळेत असताना मला गणितात कधी चांगले गुण मिळाले नाहीत, इथे मात्र सुरुवातीला भरघोस मिळाले. मग काही वर्षांनी ते उतरू लागले. या आजाराच्या पसरणाऱ्या प्रकारात असं पुष्कळदा होतं: पहिल्या काही वर्षांत कातडी ताठरत जाते, मग आपल्या आपण थोडी सैल पडते. माझ्या दंडावरची कातडी चिमटीत यायला लागली तेव्हा आमच्याकडे सगळे हरखले. बरी होतेयस हो तू, असं येणारा जाणारा म्हणू लागला.

त्याच हिवाळ्यात ठोके हुकायला लागले.

संध्याकाळी कॅश टॅली करायची वेळ. नोटांचे गठ्ठे रबर लावून ठेवलेले, रोजमेळ समोर. छातीत काहीतरी थांबायचं. अगदी एका ठोक्यापुरतं. आणि पुढचा ठोका असा आदळायचा की वाटावं टेबलापलीकडच्या माणसालाही ऐकू गेला असेल. दुखत नव्हतं. घाम नाही, डावा हात नाही, सिनेमात दाखवतात तसलं काही नाही. या वयाच्या बाईच्या छातीत धडधडलं तर कारणांची यादी तयारच असते: पाळी जायची वेळ आहे, चहा फार होतो, हिमोग्लोबिन कमी असेल, टेन्शन घेते. शिवाय मला अ‍ॅसिडिटी कायमची, कारण हा आजार अन्ननलिकेलाही सोडत नाही, तिची हालचालच मंदावतो. तेव्हा छातीतलं काहीही तिच्या खात्यावर टाकता येतं.

एका डॉक्टरांनी धडधड थांबावी म्हणून गोळी दिली. गोळी जुनी, नावाजलेली, लाखो लोक घेतात. धडधड थोडी कमीही झाली. पण माझी बोटं, जी एरवी गार पाण्यात पेरापर्यंत पांढरी व्हायची, ती आता तळहातापर्यंत पांढरी पडू लागली, आणि उजव्या तर्जनीच्या टोकावर एक जखम झाली ती महिने भरेना. संधिवाताच्या डॉक्टरांनी चिठ्ठी बघितली आणि कपाळाला हात लावला. बीटा ब्लॉकर. हृदयाचा वेग कमी करणाऱ्या या गोळ्यांपैकी काही हातापायांच्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात. ज्याला रेनॉड, म्हणजे गारठ्याने बोटं अशी पांढरी पडायचा त्रास आहे, त्याला त्या देताना फार विचार करावा लागतो. चिठ्ठी लिहिणाऱ्याने माझे हात बघितले नव्हते असं नाही. बघितले होते, हळहळलेही होते. हात आणि हृदय ही दोन वेगळी खाती आहेत, एवढाच त्यांचा समज होता.

ती दोन खाती नाहीत, हे मला पुढे हळूहळू समजलं.

रेनॉड हे एका फ्रेंच डॉक्टरचं आडनाव. मॉरिस रेनॉडने १८६२ साली आपल्या प्रबंधात थंडीने पांढरी-निळी पडणारी बोटं वर्णन केली. नाशिकच्या थंडीत माझ्या बोटांचा हा तिरंगी कार्यक्रम रोज असतो: आधी खडूसारखी पांढरी, मग निळसर, मग रक्त परत आलं की लालबुंद आणि ठणका. निफाडला पारा घसरल्याची बातमी आली की द्राक्षवाल्यांच्या बरोबरीने माझ्याही पोटात गोळा येतो. फ्रिजमधून दूध काढायचं तरी हातमोजा, एटीएममध्ये एसी असला तर मी बाहेर, यांना आत पाठवते. पण या सगळ्यात मला कधी वाटलं नव्हतं की बोटांना जे होतं ते आत, जिथे हातमोजा घालता येत नाही अशा जागीही होत असेल.

होतं. १९८६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी स्क्लेरोडर्माच्या रुग्णांना थंडी दिली आणि त्याच वेळी हृदयाचा स्कॅन काढला. थंडीने काही जणांच्या हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा ठिकठिकाणी कमी झालेला दिसला, आणि ऊब मिळाल्यावर तो परत आला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये उलटा प्रयोग झाला: बोटांसाठी जी निफेडिपिनची गोळी देतात ती दिल्यावर हृदयाचा पुरवठा सुधारला. म्हणजे बोटं पांढरी पडतात तेव्हा हृदयाचाही एखादा कोपरा पांढरा पडत असू शकतो. हे वाचलं त्या रात्री मी स्वेटर घालून झोपले, एप्रिल असताना.

आमच्या ह्यांना हे मी समजावलं तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. यांचं मूळ घर निफाड तालुक्यात, बागाईतदारांचं, कालव्याच्या शेवटच्या टोकाला. म्हणाले, "म्हणजे कालव्याला पाणी फुल आहे, पण चाऱ्या बुजल्यात. टेलला पाणी पोचत नाही." कुठल्याही डॉक्टरने मला इतकं नेमकं सांगितलेलं नाही. अँजिओग्राफी कालवा बघते. चाऱ्या तिला दिसत नाहीत. त्या केसाहून बारीक असतात. पाणी न पोचलेले पेशींचे पुंजके मरतात, त्यांच्या जागी तंतू भरतात, आणि हे कुठल्याही एका नळीच्या हद्दीत नसतं, ठिपक्याठिपक्यांनी सगळीकडे विखुरलेलं असतं. हृदयात विजेचं वायरिंग असतं हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. एखादा ठिपका त्या वायरिंगवर पडला की ठोके हुकतात, जादा पडतात, कधी वरचा संदेश खाली पोचतच नाही आणि पेसमेकर लावायची वेळ येते. ठिपके फार झाले तर स्नायू ताठर होतो. तो आकुंचन पावायला कमी पडत नाही, आधी सैल व्हायला कमी पडतो. भरूनच नीट येत नाही. म्हणून इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर पंपिंग साठ टक्के, नॉर्मल, असं छापून येतं आणि माणूस मात्र दोन बादल्या कपडे वाळत घालून बसकण मारतो.

हे ज्ञान फार जुनं नाही. कातडी कडक होणाऱ्या मुलीचं वर्णन नेपल्सच्या कार्लो कुर्झिओने १७५३ मध्ये केलं, पण हृदयही त्याच आजारात सापडतं हे ठामपणे मांडलं गेलं ते १९४३ साली, बॉस्टनमध्ये. सोमा वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ रुग्ण मांडून दाखवले. वाइस स्वतः तो लेख छापून आलेला बघायला राहिले नाहीत. आदल्या वर्षीच्या जानेवारीत, ऐन चाळिशीत, मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. म्हणजे कातडीपासून हृदयापर्यंत पोचायला वैद्यकशास्त्राला एकशे नव्वद वर्षं लागली. मग माझ्या जाऊबाईंना आणि त्या गोळीवाल्या डॉक्टरांना मी काय बोलणार.

होल्टर, म्हणजे ठोक्यांची नोंद ठेवणारं यंत्र लावलं, तेव्हा पहिली अडचण अशी की चिकटपट्ट्या माझ्या छातीवर चिकटेनात. तंत्रज्ञ मुलगी विशीतली, मालेगावची. तिने स्पिरिटने पुसलं, घासलं, पुन्हा लावलं. "मावशी, तुमची स्किन किती स्मूथ आहे, काय लावता?" मी म्हटलं, काही नाही गं, आतूनच आहे. यंत्र कमरेला लटकवून चोवीस तास हिंडायचं आणि काय काय केलं ते वेळेसकट लिहून ठेवायचं. माझी वही बघून हार्टचे डॉक्टर हसले; कॅशियरची वही ती, रकाने पाडून लिहिली होती. पण ठोक्यांचा हिशेब हसण्यासारखा नव्हता. जादा ठोके शेकड्यांनी, मधूनच तीन-चार सलग, आणि त्यातले बरेचसे मला कळलेलेसुद्धा नाहीत. रकान्यात त्या वेळेला मी लिहिलं होतं: मेथी निवडली.

आणि मग तो प्रश्न, जो प्रत्येक डॉक्टर विचारतो: "दम लागतो का?"

मी नाही म्हटलं. खरंच लागत नव्हता. शेजारी बसलेले आमचे हे एरवी दवाखान्यात एक शब्द बोलत नाहीत, फाइल मांडीवर धरून पंख्याकडे बघत बसतात. ते म्हणाले, "साहेब, ती आता मंडईत जात नाही. पहिल्या मजल्यावर जोशांकडे थांबून गप्पा मारते, मग वर येते. गच्चीवर दोन वर्षांत गेलेली नाही. पापड यंदा विकत आणले." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. जोशीकाकूंशी गप्पा मला आवडतात म्हणून मी थांबत होते असं माझं प्रामाणिक मत होतं.

या एका गोष्टीवर मला थोडं थांबायचं आहे. दम लागतो का, या प्रश्नाला अर्थ आहे तो माणूस पूर्वीइतकंच चालतो आहे असं धरलं तर. पण हा आजार झटक्याने येत नाही. तो येतो आणि आपण सरकून जागा करून देतो. जिना सावकाश. पिशव्या दोनाऐवजी एक. वाटेत ओळखीचं दुकान. गच्चीतलं वाळवण बंद. प्रत्येक सवलतीला एक दिसायला चांगलं कारण असतं, आणि घरातल्या बायकांची तर ही सवलत कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण काम कुठे अडत नाही, नुसतं वेळ जास्त घेतं. अंगावर काढणं हा आपल्याकडे गुण समजला जातो. त्यात स्क्लेरोडर्मा बायकांनाच जास्त होतो, पुरुषांच्या चौपट तरी, आणि तोही बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, म्हणजे संसाराच्या ऐन धबडग्यात. मग ती डॉक्टरसमोर बसून खरं बोलते, "नाही, दम लागत नाही," आणि तिचं खरं बोलणंच तिला नडतं. विचारायचं तर असं विचारावं की गेल्या दिवाळीला करत होता आणि या दिवाळीला करत नाही असं काय काय आहे? आणि शक्य तर तिच्या नवऱ्याला विचारावं. निदान आमच्यासारख्या पंख्याकडे बघणाऱ्याला.

सहा मिनिटं चालायची परीक्षा म्हणून असते. मोकळा व्हरांडा, दोन टोकांना खुणा, घड्याळ. त्यात मी बऱ्यापैकी पास झाले, पण त्या परीक्षेचंही खरं किती धरायचं, गुडघे आणि तळवेच आधी बोंबलतात. बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा तर माझ्या बाबतीत निव्वळ करमणूक. कोविडमध्ये घरोघर ती यंत्रं आली तेव्हा आमच्याकडेही आलं. सगळ्यांचे अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव. माझ्या बोटाला लावलं की कधी बहात्तर, कधी नुसत्या दोन रेघा. मुलगा रात्री अकराला अँब्युलन्सला फोन करायला निघाला होता, मी समोर बसून भाकरी खात होते. गार बोटात रक्तच कमी, यंत्र मोजणार कशाचं? कानाच्या पाळीला किंवा कपाळाला लावायचं असतं, ते आम्हाला पुढे कळलं.

मग मुंबईला जाऊन हृदयाचा एमआरआय. त्या खोलीतली थंडी यंत्रासाठी असते, माणसाचा विचार त्यात नाही. मी लोकरीचे हातमोजे, मोजे आणि शाल घेऊन गेले. आधी त्यांनी धातू आहे का तपासलं, मग हसून परवानगी दिली. शीर सापडायला बराच वेळ गेला, सुई कडक कातडीवरून घसरते. श्वास घ्या, सोडा, रोखा. श्वास घ्या, सोडा, रोखा. मध्येच गॅडोलिनियमचं इंजेक्शन. धडधाकट स्नायूतून ते औषध पटकन वाहून जातं. व्रणाच्या जागी रेंगाळतं आणि चित्रात पांढरं उमटतं. नंतर डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. काळ्या स्नायूत तीन-चार ठिकाणी पांढऱ्या रेघा, बारीक, मधल्या थरात. मला वाटलं होतं मी घाबरेन. खरं सांगायचं तर बरं वाटलं. ब्लॉकेज नाही, पंपिंग छान, मग हिला होतंय तरी काय, या कुजबुजीला उत्तर म्हणून काहीतरी दाखवण्यासारखं हातात आलं.

एक स्पष्ट करते, कारण हृदयाला त्रास होण्याच्या वाटा अनेक आहेत आणि माझी त्यातली एक. काहींच्या हृदयाभोवती पाणी साठतं. काहींच्या किडनीवर झटका येऊन रक्तदाब अचानक भडकतो आणि हृदय त्यात भरडलं जातं. जास्त मात्रेतल्या स्टेरॉइडने हा धोका वाढतो, म्हणून या आजारात डॉक्टर स्टेरॉइड हात राखून देतात. आणि सगळ्यात जास्त बोललं जातं ते फुप्फुसांच्या धमन्यांतल्या दाबाबद्दल, पल्मनरी हायपरटेन्शनबद्दल. दर दहा रुग्णांमागे एखाद्याला हा त्रास होतो. त्यात मूळ खोट फुप्फुसातल्या धमन्यांत असते, पण किंमत मोजतं हृदयाचं उजवं अंग. अरुंद झालेल्या वाटेत रक्त ढकलून ढकलून ते सुजतं, थकतं. इकोवरून अंदाज येतो, खात्री मात्र उजव्या बाजूने नळी घालून दाब प्रत्यक्ष मोजल्यावरच होते. सरासरी दाब २० मिलिमीटरच्या वर गेला की हल्ली जास्त धरतात. पूर्वी २५ ची रेघ होती. म्हणून वर्षातून एकदा इको आणि फुप्फुसांची वायू शोषून घेण्याची तपासणी, काही होत असो वा नसो. माझा दाब आजवर तरी काठाकाठाने आहे.

या दाबावर आणि बोटांच्या जखमांवर जी गोळी देतात तिची एक गंमत सांगते. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा. होय, तीच. मी पहिल्यांदा चिठ्ठी घेऊन मेडिकलवर गेले तेव्हा काउंटरवरच्या पोऱ्याने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा चिठ्ठी वाचली आणि मालकाला हाक मारली. मालकाने चष्मा वर करून विचारलं, "साहेबांसाठी का?" मी म्हटलं, नाही, माझ्यासाठी, दिवसातून तीन वेळा. त्या दुकानात ती शांतता किती वेळ टिकली ते मी सांगत नाही. आता मालक मला लांबून बघितलं की स्ट्रिप काढून ठेवतात आणि नवीन पोऱ्याला स्वतःच समजावतात, "काकूंच्या बोटांसाठी आहे रे."

दरवर्षी २९ जूनला जागतिक स्क्लेरोडर्मा दिन असतो. तो दिवस एका चित्रकारावरून ठरला. पॉल क्ले १९४० साली त्या दिवशी स्वित्झर्लंडमध्ये, लोकार्नोजवळच्या मुराल्टोत वारला. बर्नजवळ जन्मलेला, पण वडील जर्मन म्हणून कागदोपत्री जर्मन. नाझींनी १९३३ मध्ये त्याला ड्युसेलडॉर्फच्या नोकरीवरून काढलं, तो बर्नला परतला, १९३५ पासून आजारी. चेहरा ताठरला, घास गिळणं अवघड झालं. हात मात्र बऱ्यापैकी शाबूत राहिले. त्याच्या आजाराचं हे नाव लोकांपुढे आलं ते तो गेल्यानंतर. मृत्यूचं कारण म्हणून हृदयाच्या स्नायूचा दाह नोंदवला गेला. स्विस नागरिकत्वाचा अर्ज तेव्हाही मंजूर व्हायचा होता.

त्या दिवशी फोनवर जे संदेश फिरतात त्यात हमखास असतं की क्लेने १९३९ या एका वर्षात १२५३ चित्रं काढली, तेव्हा तुम्हीही हिंमत धरा. मला या आकड्याचा जरा राग आहे. त्याच माणसाने १९३६ मध्ये फक्त २५ चित्रं काढली होती, ते कुणी पाठवत नाही. मला ते पंचवीसचं वर्ष ओळखीचं वाटतं. सकाळी उठून ब्रश बघायचा आणि पुन्हा आडवं व्हायचं, असं ते वर्ष गेलं असेल असा माझा आपला तर्क. डॉक्टरने त्याला विचारलं असतं, दम लागतो का, तर तोही नाहीच म्हणाला असता.

आकड्यांचंच निघालं तर आणखी एक. युरोपातल्या युस्टार या मोठ्या नोंदवहीतून ५८६० रुग्णांचा अभ्यास २०१० साली आला. त्यातले जे या आजारामुळेच गेले त्यांच्यात ३५ टक्के फुप्फुसांच्या फायब्रोसिसने (म्हणजे तिथेही तंतू भरल्याने), २६ टक्के पल्मनरी हायपरटेन्शनने आणि २६ टक्के थेट हृदयाच्या कारणांनी, म्हणजे हार्ट फेल्युअर आणि ठोक्यांच्या बिघाडाने. कातडीने कुणी जात नाही. मी हा आकडा मुद्दाम घरात सांगितला, जेवताना. मुलगा म्हणाला, "आई, जेवताना काय." सासूबाईंनी विचारलं, "तुझे किती टक्के?" मी म्हटलं, माझे टक्के नाहीत हो आई, माझ्या रेघा आहेत. त्यांनी मान हलवली आणि ताटात आणखी भात वाढला.

मागच्या आठवड्यात जळगावहून एका बाईंचा फोन आला, आमच्या पतसंस्थेतल्या एकांच्या नात्यातल्या. मुलगी चोवीस वर्षांची, बी.एड. झालेली, वर्षापूर्वी निदान. आई रडत नव्हती, कामाचं बोलत होती. बोटं काळी पडतात, चेहऱ्यावर फारसं दिसत नाही अजून, औषधं चालू आहेत. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, लग्नाचं बघतोय. पार्टी चांगली आहे. सांगावं का आधी? कातडी तर बरी वाटतेय आता."

मी विचारलं, इको झालाय का? त्या म्हणाल्या, "तिला हार्टचं काही नाही हो. धावतपळत असते."

लग्नाचं मी काही बोलले नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. पण फुप्फुसातला दाब वाढलेला असेल तर बाळंतपण जिवावर बेतू शकतं, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, आणि कुठल्या तपासण्या करून घ्यायच्या तेही. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मग मुलीनेच फोन घेतला. म्हणाली, "मावशी, मी स्पीकरवर ऐकत होते. ईसीजी, इको आणि ते फुंकायचं, एवढंच ना? आणि ते कुठे करतात, जळगावातच होईल की नाशिकला यावं लागेल?"

ईसीजी आणि इको तिथेच होईल, फुंकायच्या तपासणीतली वायू शोषणाची जी चाचणी आहे ती सगळीकडे नसते, आधी फोन करून विचार, असं मी तिला सांगितलं. तपासणीला जाताना कानाची पाळी मोकळी ठेव, झुमके घालू नकोस, हेही. तिने कारण विचारलं नाही, लिहून घेतलं.